पहिलं जँगो अ‍ॅप लाइव्ह टाकताना लॅपटॉप कुठे कुठे आडवा येतो

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला काही चुकीचं समजलं असेल तर लगेच दिसेल. काकांच्या दूध डेअरीसाठी तुम्ही जँगोमध्ये, म्हणजे पायथन भाषेतल्या वेबसाइट बनवायच्या साधनात, संकलनाचं अ‍ॅप बनवलंय. सकाळ-संध्याकाळचं दूध, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकी घन पदार्थ), त्यावरून दर, आणि दर दहा दिवसांनी प्रत्येक उत्पादकाचं बिल. विंडोजच्या लॅपटॉपवर सगळं नीट चालतं. एक जुना व्हिडिओ बघून हेरोकू या अ‍ॅप इंटरनेटवर चालवणाऱ्या सेवेवर गेलात, तर तिथे मोफत काही मिळेना. मग अ‍ॅमेझॉनच्या एडब्ल्यूएसवर ईसी-टू हे भाड्याचं मशीन घेतलं. साईट दिसली, पण लॅपटॉप मिटला की साईटही बंद. आता प्रोजेक्टचा अख्खा फोल्डर गिटहब या कोड ठेवायच्या साईटवर टाकून रेंडर या हेरोकूसारख्याच सेवेला जोडलाय, तर 'नो ओपन पोर्ट्स डिटेक्टेड' म्हणून डिप्लॉय (अ‍ॅप लाइव्ह टाकणं) फेल होतंय. आणि विचारताय की नवशिक्याने नेमका कोणता प्लॅटफॉर्म घ्यावा.

प्लॅटफॉर्मचं सांगतेच, पण खरी अडचण तिथे नाही. तुमचं अ‍ॅप अजून तुमच्या लॅपटॉपच्या भरवशावर उभं आहे. लॅपटॉपची डिस्क कुणी पुसत नाही, घड्याळ भारताच्या वेळेवर असतं, फाइलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल विंडोज चालवून घेतं, मराठी फॉन्ट आयता मिळतो, आणि अ‍ॅप वापरणारे तुम्ही एकटेच असता. सर्व्हरवर यातलं काहीच गृहीत धरता येत नाही. हे आधार एकेक करून काढले की प्लॅटफॉर्म कोणताही चालतो आणि पुढे बदलायचा झाला तरी फार त्रास होत नाही. ते न काढता प्लॅटफॉर्म बदलत राहिलात, तर तीच दुखणी नव्या नावाने भेटतील.

त्याआधी एक काम आजच्या आज करा. अख्खा फोल्डर गिटहबवर गेलाय म्हणजे एसक्यूलाइटची, म्हणजे सगळा डेटा एकाच फाइलमध्ये ठेवणारी, डेटाबेस फाइलही गेली आहे. त्यात उत्पादकांची नावं, मोबाइल नंबर आणि बिलासाठी घेतलेले बँक खाते क्रमांक असणार. रेपो (गिटहबवरचा प्रोजेक्टचा साठा) पब्लिक असेल तर ती फाइल कुणीही उतरवून घेऊ शकतं. ती डिलीट करून नवा कमिट (बदलांची नोंद) केलात तरी जुन्या कमिटमध्ये ती तशीच राहते. इतिहास साफ करण्याच्या कमांड्स आहेत, पण पहिल्याच प्रोजेक्टला त्या वाटेने जाऊ नका. ही रेपो पूर्ण काढून टाका. लोकल फोल्डरमधला लपलेला गिटचा फोल्डरही काढा, नाहीतर तोच जुना इतिहास पुन्हा वर जाईल. मग गिटइग्नोर फाइलमध्ये, म्हणजे काय वर पाठवायचं नाही त्या यादीत, डेटाबेस, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचा (बसवलेल्या पॅकेजेसचा) फोल्डर आणि गुप्त सेटिंग्जची एन्व्ह फाइल लिहा आणि नवी प्रायव्हेट रेपो सुरू करा. सेटिंग्जमधली सीक्रेट की नवी बनवा. तिने फार तर लॉगिन असलेले लोक बाहेर पडतील. अ‍ॅडमिनचा पासवर्डही बदला. लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती आहे, बाकी सगळं यानंतर.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. तुमच्या प्रश्नात एक गोष्ट स्पष्ट नाही: हे अ‍ॅप बायोडेटात लिंक देण्यासाठी हवंय, की काका उद्यापासून त्यावर खरोखर संकलन घेणार आहेत? दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत. बायोडेटासाठी मोफत प्लॅन पुरेसा आहे. खऱ्या डेअरीला तो चालणार नाही, आणि कारण अगदी साधं आहे. रेंडरची मोफत सेवा १५ मिनिटं कुणी आलं नाही की झोपते आणि पहिल्या भेटीला जागी व्हायला मिनिटभर घेते. पहाटे कॅन घेऊन माणसं रांगेत उभी असताना पडद्यावर गोल फिरत राहिलेलं काकांना चालेल का? शिवाय तिथला मोफत पोस्टग्रेस डेटाबेस, मी हे लिहितानाच्या नियमांनुसार, बनवल्यापासून ३० दिवसांनी संपतो. बाहेरून दर काही मिनिटांनी साईटला हात लावून तिला जागं ठेवायची युक्ती लोक सांगतात. महिन्याला ७५० तास मोफत मिळतात आणि ३१ दिवसांचे तास ७४४ होतात, त्यामुळे एका सेवेपुरतं ते बसतंही. पण डेटाबेसची मुदत त्याने वाढत नाही.

म्हणून माझा सल्ला असा: सध्या रेंडरवरच थांबा. मोफत प्लॅनवर सगळं शिकून घ्या, बनावट नावं घालून. काकांचं खरं काम सुरू करायच्या दिवशी पैसे देऊन वेब सेवा घ्या, ती महिन्याला ७ डॉलरपासून आहे, आणि डेटाबेसचे पैसे वेगळे धरा. ते परवडणारे नसतील तर एसक्यूलाइटसकट अ‍ॅप ठेवता येईल अशी, डिस्क टिकवणारी सेवा बघा, उदाहरणार्थ पायथनएनीव्हेअर. एका डेअरीच्या नोंदींना एसक्यूलाइट अजिबात कमी पडत नाही. ती फाइल ज्या डिस्कवर आहे ती टिकणारी हवी, एवढीच अट आहे.

हेरोकूबद्दल थोडक्यात. २००७ मध्ये सुरू झालेल्या या सेवेने गिट पुश करून अ‍ॅप लाइव्ह करायची पद्धत रूढ केली, २०१० मध्ये ती सेल्सफोर्सने घेतली, आणि २८ नोव्हेंबर २०२२ पासून तिचे मोफत प्लॅन बंद झाले. त्याआधीचे शेकडो व्हिडिओ अजून वर दिसतात. म्हणून डिप्लॉयमेंटचा व्हिडिओ बघताना आधी तारीख बघायची सवय लावा. कोडचं शिकवणं पाच वर्षं टिकतं, प्लॅटफॉर्मच्या बटणांचं टिकत नाही.

ईसी-टूवर तुम्ही रिकामं मशीन घेतलं होतं. एसएसएचने (दूरच्या मशीनवर कमांड द्यायच्या जोडणीने) आत शिरून रनसर्व्हर, म्हणजे जँगोचा तपासणीपुरता सर्व्हर, चालवलात, म्हणजे ती प्रक्रिया तुमच्या त्या खिडकीला बांधलेली होती. लॅपटॉप मिटला, जोडणी तुटली, प्रक्रिया मेली. ती कायम चालू ठेवायला सिस्टमडी, पुढे विनंत्या झेलणारा एनजिनएक्स, एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट, ऑपरेटिंग सिस्टमचे अपडेट, फायरवॉल, बॅकअप हे सगळं तुमच्या अंगावर येतं. ते शिकण्यासारखं आहेच, आणि नोकरीत उपयोगीही पडेल. पण पहिलंच अ‍ॅप आणि पहिलाच सर्व्हर एकाच वेळी शिकायला घेतला, की बिघाड कुणाचा हेच कळत नाही. मुलांना शिकवताना मी हे बघत आलेय: आठवडाभर एनजिनएक्सशी झगडून शेवटी कळतं की सेटिंग्जमधली एक ओळ चुकली होती. ते मशीन आता नुसतं स्टॉप करून ठेवू नका, टर्मिनेट करा. स्टॉप केलेल्या मशीनच्या डिस्कचं भाडं चालूच राहतं. इलॅस्टिक आयपी (मशीनचा कायमचा पत्ता) घेतला असेल तर तोही सोडा. १ फेब्रुवारी २०२४ पासून एडब्ल्यूएस प्रत्येक पब्लिक आयपीव्ही-फोर पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर लावतं, म्हणजे महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर. बिलिंगमध्ये जाऊन बजेट अलर्टही लावून ठेवा.

आता 'नो ओपन पोर्ट्स'. तुम्ही स्टार्ट कमांडमध्ये मॅनेज डॉट पाय रनसर्व्हर दिलंय, गडबड तिथेच आहे. रनसर्व्हर मुळात १२७.०.०.१ या पत्त्यावर आणि ८००० पोर्टवर, म्हणजे मशीनच्या त्या क्रमांकाच्या दारावर, ऐकतो. १२७.०.०.१ म्हणजे हे मशीन स्वतःच. घरातल्या घरात मारलेली हाक गल्लीत ऐकू जात नाही, तसं आहे हे. लॅपटॉपवर ब्राउझर आणि सर्व्हर एकाच घरात होते, म्हणून तुम्हाला ऐकू येत होतं. रेंडर बाहेरून दार वाजवतो आणि त्याला उघडं दार सापडत नाही. अ‍ॅपने ०.०.०.० वर, म्हणजे बाहेरून येणाऱ्या सगळ्या वाटांवर, आणि प्लॅटफॉर्म देईल त्या पोर्टवर ऐकायला हवं. तो पोर्ट 'पोर्ट' नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कोडच्या बाहेरून दिलेल्या सेटिंगमध्ये, येतो. रेंडरवर तो न बदलल्यास १०००० असतो.

रनसर्व्हरला हाताने पत्ता आणि पोर्ट देऊन हे सुटेल, पण तसं करू नका. जँगोच्या कागदपत्रांतच लिहिलंय की तो डेव्हलपमेंटपुरता आहे. गुनिकॉर्न हा खऱ्या कामासाठीचा सर्व्हर वापरा. पोर्ट व्हेरिएबल असेल तर गुनिकॉर्न आपणहून ०.०.०.० वर आणि त्याच पोर्टवर बसतो, वेगळं काही लिहावं लागत नाही. स्टार्ट कमांडमध्ये गुनिकॉर्न, पुढे डब्ल्यूएसजीआय फाइल, जिच्यातून सर्व्हर अ‍ॅपला जोडला जातो, ती ज्या फोल्डरात आहे त्याचं नाव, डॉट, डब्ल्यूएसजीआय. इथे बरेच जण रेपोचं नाव लिहितात आणि 'मॉड्यूल नॉट फाउंड' येतं. रेपोचं नाव काहीही असो, तुम्हाला आतल्या फोल्डरचं नाव हवंय, ज्यात सेटिंग्ज फाइल आहे. हे लॅपटॉपवर तपासायला जाल तर 'एफसीएनटीएल मॉड्यूल सापडत नाही' असा एरर येईल. घाबरू नका. गुनिकॉर्न विंडोजवर चालतच नाही, सर्व्हरवर लिनक्स ही वेगळी ऑपरेटिंग सिस्टम आहे.

विंडोजची आणखी दोन भुतं इथेच भेटतील. पिप फ्रीझ कमांडने बनवलेल्या रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये, म्हणजे लागणाऱ्या पॅकेजेसच्या यादीत, पायविनथर्टीटूसारखं फक्त विंडोजचं पॅकेज घुसलं असेल तर लिनक्सवर बिल्ड तिथेच थांबेल. ती ओळ काढून टाका. सगळी फाइल एकदा वाचून काढा आणि आपण खरंच वापरतो तेवढंच ठेवा. दुसरं नावांचं. टेम्पलेटमध्ये लोगो स्मॉल लेटर्समध्ये लिहिलाय आणि फाइलचं नाव कॅपिटलने सुरू होतंय, हे विंडोजवर खपून जातं. लिनक्सला त्या दोन वेगळ्या फाइल्स वाटतात.

बिल्ड कमांडमध्ये तीन गोष्टी ओळीने हव्यात: पॅकेजेस बसवणं, कलेक्टस्टॅटिक (सजावटीच्या फाइल्स एका जागी गोळा करणं), आणि मायग्रेट (डेटाबेसचे तक्ते बनवणं). मोफत प्लॅनवर सर्व्हरच्या आत शिरायला शेल, म्हणजे कमांडची खिडकी, मिळत नाही, म्हणून मायग्रेट इथेच करून घ्यायचं. वेगळी बिल्ड स्क्रिप्ट केलीत आणि 'परमिशन डिनाइड' आलं, तर फाइलच्या नावाआधी बॅश लिहा. विंडोजवर बनवलेल्या फाइलला चालवण्याची परवानगी लागलेली नसते, एवढाच तो प्रकार आहे.

इथवर आलात की साईट वर येईल. पण ती बहुतेक पांढरी, सजावट गेलेली दिसेल किंवा नुसतं 'बॅड रिक्वेस्ट' म्हणेल. हे सेटिंग्जचं प्रकरण आहे. डीबग हे सेटिंग फॉल्स ठेवा, यात तडजोड नको. डीबग चालू असताना एरर आला की तुमचा कोड, फाइल्सचे मार्ग आणि त्या क्षणीच्या व्हेरिएबल्सच्या किमती जगाला दिसतात. साईट अशी लाइव्ह असली की जँगो तीन गोष्टी मागतो. अलाउड होस्ट्समध्ये तुमच्या साईटचं नाव, पुढे एचटीटीपीएस न लावता. नाही दिलंत तर 'बॅड रिक्वेस्ट'. सीएसएससारख्या सजावटीच्या फाइल्स ब्राउझरला द्यायला कुणीतरी लागतं, कारण ते काम आजवर रनसर्व्हर गुपचूप करत होता. त्यासाठी व्हाइटनॉइज हे पॅकेज बसवा, सेटिंग्जमधल्या मिडलवेअरच्या यादीत सिक्युरिटी मिडलवेअरच्या लगेच खाली. आणि लॉगिनचा फॉर्म भरल्यावर ४०३ (परवानगी नाही) आला तर सीएसआरएफ ट्रस्टेड ओरिजिन्स या सेटिंगमध्ये साईटचा पत्ता लिहा. इथे मात्र एचटीटीपीएससकट, जँगो ४ पासून ते सक्तीचं आहे. दोन सेटिंग्ज, एकीत एचटीटीपीएस नको, दुसरीत हवंच. इथे अनुभवी माणसंही अडखळतात.

एरर वाचण्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर चालतं. बिल्ड फेल झाली तर लॉगमध्ये वरून खाली या आणि पहिला एरर शोधा. खालचे बहुधा त्याचेच परिणाम असतात. अ‍ॅप चालू असताना आलेला पायथनचा ट्रेसबॅक (एरर कुठून आला त्याची यादी) उलट शेवटच्या ओळीपासून वाचा. पण एक सापळा आहे. डीबग बंद असताना जँगो मुळात ट्रेसबॅक कन्सोलवर छापतच नाही, तो अ‍ॅडमिनला ईमेल करायला जातो, आणि तुम्ही ईमेल जोडलेलं नसतं. मग पडद्यावर ५००, लॉग कोरा, आणि माणूस वैतागून डीबग पुन्हा चालू करतो. त्याऐवजी सेटिंग्जमध्ये लॉगिंगची डिक्शनरी लिहून एक कन्सोल हँडलर द्या. सात-आठ ओळींचं काम आहे. पहिल्या डिप्लॉयच्या आधीच करा.

आता डेटा. रेंडरच्या मोफत सेवेची डिस्क तात्पुरती असते. नवं डिप्लॉय झालं, सेवा पुन्हा सुरू झाली किंवा झोपली, की डिस्कवर अ‍ॅपने लिहिलेलं सगळं जातं. तुमची डेटाबेस फाइल रेपोत होती, त्यामुळे तुम्हाला आणखी चकवा बसला असता: पान रिकामं दिसलं नसतं, जुना डेटा परत आला असता. सकाळी भरलेलं संकलन दुपारी गायब, आणि गेल्या महिन्याच्या नोंदी मात्र जागच्या जागी. म्हणून इथे पोस्टग्रेस घ्या. डेटाबेस आणि वेब सेवा एकाच रीजनमध्ये ठेवा, आणि आपल्यासाठी सिंगापूर निवडा. सेवा बनवल्यावर रीजन बदलता येत नाही. अ‍ॅप सिंगापूरला आणि डेटाबेस अमेरिकेत पडला तर एका क्वेरीला, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या एका प्रश्नाला, दीडशे-दोनशे मिलिसेकंद नुसत्या ये-जा करण्यात जातात. बिलाच्या पानावर ४० क्वेरी असतील तर सहा ते आठ सेकंद गेलेच, आणि दोष तुम्ही जँगोला द्याल. उत्पादकांचे फोटो वगैरे अपलोड होत असतील तर त्यांनाही हीच डिस्क नडते. त्यांना एस-थ्री किंवा क्लाउडिनरीसारखी वेगळी जागा लागेल.

जुन्या नोंदी हलवायला डम्पडेटा (बाहेर काढणं) आणि लोडडेटा (आत भरणं) या जँगोच्या कमांड्स पुरेशा आहेत, पण तुमच्या नोंदी मराठीत आहेत आणि विंडोजवर इथे हमखास ठेच लागते. नेहमीच्या बाण-चिन्हाने फाइलमध्ये ओतू नका. पायथनला यूटीएफ-८ चा एक्स पर्याय देऊन कमांड चालवा आणि फाइलचं नाव आउटपुट या पर्यायाने द्या. नाहीतर पहिल्याच देवनागरी नावाला 'चारमॅप' एरर येतो, किंवा फाइल बनते पण पुढे वाचता येत नाही. कंटेंटटाइप्स आणि परमिशन्स या जँगोच्या स्वतःच्या नोंदी वगळा, त्या मायग्रेटने तिकडे आधीच बनलेल्या असतात. लोड करताना 'व्हॅल्यू टू लाँग' आलं तर चकित होऊ नका. एसक्यूलाइट मजकुराची कमाल लांबी तपासत नाही, पोस्टग्रेस तपासतो. दहा अक्षरांच्या मोबाइलच्या रकान्यात कुणीतरी पुढे शून्य किंवा अधिक एक्क्याण्णव टाकलेलं असतं. आधी डेटा दुरुस्त करा. लोडडेटा आणि क्रिएटसुपरयूजर (अ‍ॅडमिन बनवायची कमांड) लॅपटॉपवरूनच चालवता येतात: डेटाबेसचा बाहेरचा पत्ता लोकल एन्व्ह फाइलमध्ये तात्पुरता टाका आणि काम झालं की काढा. तो पत्ता आत राहिला आणि उद्या तुम्ही सवयीने टेस्ट डेटा पुसलात तर खरा डेटा जाईल.

बिलाचं पीडीएफ सर्व्हरवर बनत असेल तर नावांच्या जागी चौकोन दिसतील. विंडोजकडे मंगल, निर्मला हे फॉन्ट असतात, त्या लिनक्सवर देवनागरी फॉन्ट नसतोच. नोटो सान्स देवनागरी प्रोजेक्टमध्ये ठेवता येतो, पण काही पीडीएफ लायब्ररी जोडाक्षरं तोडून दाखवतात. माझ्या मते बिल हे साधं वेब पान करा आणि ब्राउझरमधून प्रिंट द्या. जोडाक्षरांचं काम ब्राउझर उत्तम करतो.

आता जी गोष्ट मला तुमच्या अ‍ॅपमध्ये सगळ्यात धोकादायक वाटते ती. तिचा एररही येत नाही. तुम्ही लिहिलंय की तारीख आणि सत्र, म्हणजे सकाळ की संध्याकाळ, अ‍ॅप घड्याळ बघून आपणहून भरतं. जँगोच्या नव्या प्रोजेक्टमध्ये टाइमझोन यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, असतो. लिनक्सवर जँगो तो संपूर्ण प्रक्रियेला लावतो. विंडोजवर त्याला ते करता येत नाही, म्हणून तुमचा डेट-टुडे आणि डेटटाइम-नाऊ लॅपटॉपवर भारताची वेळ देत राहिला आणि सगळं बरोबर दिसलं. सर्व्हरवर तेच फंक्शन यूटीसी देईल, आपल्याहून साडेपाच तास मागे.

११ तारखेची पहाट धरा. पाच वाजता पहिला उत्पादक दूध घालतो. सर्व्हरच्या घड्याळात तेव्हा १० तारखेचे रात्रीचे साडेअकरा. अ‍ॅप तारीख लावतं १०, आणि तास बारानंतरचा म्हणून सत्र लावतं संध्याकाळ. म्हणजे त्या माणसाच्या नावावर १० तारखेच्या संध्याकाळी दोन नोंदी, आणि ११ च्या सकाळी काहीच नाही. साडेपाचनंतर आलेल्यांची तारीख आणि सत्र मात्र बरोबर. त्यात तुमचं बिल १ ते १०, ११ ते २० असं दहा दिवसांचं. त्यामुळे ते दूध मागच्या बिलात जातं, जे कदाचित आधीच वाटून झालंय. संध्याकाळी उलटं: सव्वापाचचं संकलन सर्व्हरला पावणेबाराचं वाटतं आणि सकाळच्या सत्रात पडतं. एकूण लिटर जुळतात, म्हणून वरवर बघून कुणाला कळत नाही. कळतं ते उत्पादक आपली पासबुकातली नोंद घेऊन काउंटरवर येतो तेव्हा, आणि तोवर काकांच्या शब्दावर प्रश्न आलेला असतो.

उपाय: टाइमझोन एशिया-कोलकाता करा. तारखेसाठी जँगोच्या टाइमझोन मॉड्यूलमधलं लोकलडेट आणि वेळेसाठी लोकलटाइम वापरा, कोडमध्ये डेट-टुडे कुठे कुठे आहे ते शोधून बदला. मॉडेलमध्ये तारखेच्या डीफॉल्टला फंक्शनपुढे कंस दिलेत का, तेही बघा. कंस दिले तर ती तारीख प्रक्रिया सुरू होताना एकदाच ठरते. लॅपटॉपवर तुम्ही कोड सेव्ह करता तेव्हा रनसर्व्हर पुन्हा सुरू होतो, म्हणून चूक लपते. पैसे देऊन घेतलेला सर्व्हर दिवसेंदिवस बंद होत नाही आणि सोमवारची तारीख गुरुवारीही लागत राहते. कंस काढले की दर नोंदीला नवी तारीख मिळते. आणि मी तुमच्या जागी असते तर तारीख-सत्र फॉर्मवर ठळक दाखवून ऑपरेटरला बदलायची सोय दिली असती. लाइट गेली, इंटरनेट गेलं, तर नोंदी मागाहून भराव्याच लागतात.

बॅकअपचं लांबवत नाही: पीजी-डम्प (पोस्टग्रेसचा डेटा फाइलमध्ये काढणारी कमांड) रोज, आणि महिन्यातून एकदा तो लॅपटॉपवर उतरवून बिलाची बेरीज जुळते का ते बघा. लॅपटॉपवरचा पीजी-डम्प सर्व्हरच्या पोस्टग्रेसपेक्षा जुन्या आवृत्तीचा असेल तर तो कामच करत नाही, तेवढं आधी तपासा. स्वतःचं डोमेन नंतर घ्या, सर्टिफिकेट रेंडर आपोआप देतो. पैसे भरायला लागलात की कार्डाकडे लक्ष ठेवा. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे दरमहा आपोआप कापले जाणारे पैसे आधी मंजुरी दिल्याशिवाय जात नाहीत, आणि परदेशी सेवांच्या बाबतीत ते अडकलेले मी बरेचदा पाहिलेत. प्लॅटफॉर्मचे ईमेल रोज बघता त्या पत्त्यावरच घ्या.

कामाचा क्रम मी असा ठेवला असता. आज रेपो साफ. मग गुनिकॉर्न, व्हाइटनॉइज, लॉगिंग घालून फक्त लॉगिनचं पान वर आणायचं, डेटाशिवाय. ते उघडलं की पोस्टग्रेस जोडायचा, मग बनावट उत्पादकांच्या नोंदी, मग तारखांची दुरुस्ती. एका वेळी एकच बदल पुश करा, म्हणजे मोडलं तर कशामुळे ते कळेल. तारखांची दुरुस्ती झाल्यावर गजर लावून पहाटे साडेपाचच्या आत एक नोंद करा आणि संध्याकाळी साडेपाचच्या आधी एक. दोन्ही योग्य तारखेला आणि सत्रात पडल्या की मगच काकांना लिंक द्या. पहिली दोन-तीन बिलं होईपर्यंत वही बंद करू देऊ नका, दोन्हीकडे लिहा आणि दर बिलाला ताळा घ्या.

मध्ये कुठे अडलात तर लॉगचा मजकूर द्या, स्क्रीनशॉट नको. एररच्या वरच्या वीसेक ओळी, स्टार्ट कमांड आणि जँगोची आवृत्ती एवढं लागेल. देण्याआधी त्यातला डेटाबेसचा पत्ता खोडा, त्यात पासवर्ड असतो.